मध मिळतो, मग मेण कुठं जातं?

पाटगावचा मध आता कोल्हापुरात सहज मिळतो. प्रदर्शनात, बचत गटाच्या स्टॉलवर, नाहीतर ओळखीच्या मधपाळाकडून थेट. पण घरी मेणबत्त्या, ओठांचं मलम, साबण किंवा चामड्याच्या वस्तू करणाऱ्या कुणाला पाच किलो इथलंच, बिनभेसळीचं मेण हवं असेल, तर वणवण सुरू होते. काष्टौषधीच्या दुकानात पिवळी वडी मिळते, ऑनलाइन मेणाचे दाणे मिळतात आणि दोन्हीवर ‘शुद्ध’ असं छापलेलं असतं. भुदरगड, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी असा सगळा सह्याद्रीचा पट्टा जिल्ह्यात असताना ही टंचाई का, याचं उत्तर थोडं दुकानदाराच्या लबाडीत आहे. जास्त आहे ते मध काढायच्या बदललेल्या पद्धतीत.

मेणाची इथली सगळ्यात जुनी गिऱ्हाइकी ओतकामाची. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सापडलेल्या सातवाहनकाळातल्या कांस्यवस्तू टाउन हॉलच्या संग्रहालयात आहेत. समुद्रदेव पोसायडनची मूर्ती रोमन जगातून आलेली, त्यामुळे ती बाजूला ठेवू. पण तिच्याच सोबतीचा, पाठीवर माणसं बसलेला हत्ती पाहिला की एवढं बारकाईचं ओतीव काम मेणाशिवाय कसं जमणार, असं वाटतं. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, भट्टीत मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. कोल्हापूरचे शिलाहार ज्यांचे मांडलिक होते त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त ही कृती नोंदवून ठेवली. आधी मेण तोलायचं आणि त्यावरून धातू मोजायचा. चांदी असेल तर मेणाच्या बारा पट. हिशेब चोख आहे. मेण पाण्यापेक्षा जरा हलकं, चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड, म्हणजे मेणाच्या अकरा पट. वरचं धातू ओतायच्या नळीत जाणार.

पण मूर्तिकार किती असणार? मेणाचा खरा खप होता घराघरांत, फणेरपेटीत. आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि शेजारी मेणाची छोटी डबी. कपाळाला आधी बोटाने मेणाचा गोल ठिपका लावायचा, मग त्यावर कोरडं कुंकू दाबायचं, म्हणजे ते घामाने ओघळत नाही आणि दिवसभर टिकतं. मेण कडक असेल तर त्यात चार थेंब खोबरेल घालून मऊ करून घेत. आज साठी-सत्तरीत असलेल्या बायकांना हे सांगावं लागत नाही. चिकटणारी टिकली आली आणि शहरातून, मग खेड्यातून, ही डबी गेली. मेणाच्या इतिहासात या घटनेची नोंद कुणी घेत नाही, पण जवळजवळ प्रत्येक घरातलं एक बारकं, नेमानं येणारं गिऱ्हाईक एका पिढीत संपलं, ते असं.

बाकीची कामं किरकोळ, पण चिवट. टाचेच्या भेगांसाठी कोकमतेल आणि मेण. वैद्यांकडे तीळतेलात मेण विरघळवून केलेलं सिक्थतैल. चांभारकामात दोऱ्याला मेण चोळतात, म्हणजे आरीने पाडलेल्या भोकातून तो सरसर जातो आणि ओल लागली तरी लवकर कुजत नाही.

हे सगळं मेण येत होतं आग्यामोहोळातून आणि झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या सातेरी या देशी माशीच्या पोळ्यांतून. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरची माणसं रात्री धूर करून, कधी चक्क टेंभा लावून आग्या उतरवत. पोळं अख्खं कापून आणायचं, फडक्यात घालून पिळायचं, मध भांड्यात आणि चोथा बाजूला. हा चोथा म्हणजेच मेणाचा कच्चा माल. तो कापडाच्या पुरचुंडीत बांधून उकळत्या पाण्यात दाबून धरला की मेण वितळून पाण्यावर तरंगतं. अळ्यांच्या कोशांची सालपटं आणि इतर घाण पुरचुंडीतच राहते. भांडं झाकून सावकाश गार होऊ दिलं की दुसऱ्या दिवशी वर पिवळी चकती. तिच्या तळाला करड्या गाळाचा थर असतो, तो सुरीने खरवडून टाकायचा आणि पुन्हा एकदा वितळवायचं. हेच काम लोखंडी कढईत केलं तर मेण काळपट पडतं. जुन्या मेणाचा तो मातकट रंग बऱ्याचदा कढईचा असे, मेणाचा नव्हे.

पिळून मध काढला की शंभर किलो मधामागे आठ-दहा किलो मेण हाताला लागतं. मध गढूळ, त्यात परागकण, अळ्यांचा रस. माश्यांची तर वाताहत. पण मेण भरपूर. इंग्रजांनी १९२७ च्या वन कायद्यात वनोपजाची व्याख्या करताना मधाबरोबर मेण नावानिशी घातलं, यावरून त्याचं व्यापारी वजन लक्षात येतं. २००६ च्या वनहक्क कायद्यातही गौण वनोपजांच्या यादीत मध आणि मेण शेजारी-शेजारी आहेत.

मग दोन गोष्टी घडल्या, दोन्ही बाहेरून आलेल्या.

पहिली पॅराफिन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कोळसा आणि खनिज तेलातून मेण निघू लागलं. आपल्याकडे आसामातल्या दिग्बोईची रिफायनरी १९०१ ची. पांढरंशुभ्र, बिनवासाचं आणि स्वस्त. मेणबत्ती तर त्याने ताब्यात घेतलीच, पण मेणाच्या वडीतही त्याने हळूच घर केलं. मधमाशीचं मेण आणि पॅराफिन एकमेकांत बेमालूम मिसळतात, थोडा पिवळा रंग घातला की झालं. त्याआधीही मेणात चरबी आणि राळ मिसळणारे होतेच, पण ती भेसळ हाताला तेलकट किंवा चिकट लागे. पॅराफिनने चोरी सोपी केली.

दुसरी गोष्ट मधपेटी, आणि इथं जरा थांबायला हवं, कारण पेटीला कुणी मेणाच्या टंचाईचं कारण मानत नाही. लॅंगस्ट्रॉथने अमेरिकेत हलत्या चौकटींची पेटी १८५१ मध्ये बसवली. जर्मनीत मेरिंगने १८५७ मध्ये षटकोनी ठसे उमटवलेला मेणपत्रा, म्हणजे माश्यांनी ज्यावर पोळं बांधावं असा मेणाचा पातळ पत्रा, केला, आणि १८६५ मध्ये ह्रुश्काने पोळं न मोडता गरगर फिरवून मध काढायचं यंत्र आणलं. दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात देशी माशीला बसेल अशी लहान पेटी रूढ केली. आपल्या बाजूला हे लोण महाबळेश्वरहून आलं. तिथं १९४६ पासून मधमाशीपालनाचं सरकारी काम सुरू झालं. पुढे खादी ग्रामोद्योगाची व्यवस्था आली आणि १९६२ मध्ये पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था उभी राहिली. सातेरीच्या पेट्या सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेला सरकल्या. २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर देशातलं पहिलं ‘मधाचे गाव’ ठरलं, आणि त्यापाठोपाठ आपलं वेदगंगेकाठचं, मौनी महाराजांच्या मठाचं पाटगाव.

पेटीने मध स्वच्छ झाला आणि माश्या वाचल्या, याबद्दल वादच नाही. पण यंत्रातून काढलेली चौकट रिकामी करून माश्यांना परत देतात. तोडायची ती फक्त मधाच्या घरांवरची पातळ झाकणं. त्यामुळे मेणाचं प्रमाण शंभर किलोमागे जेमतेम दोन किलोंवर येतं. सातेरीच्या शंभर पेट्यांनी सरासरी पाच-पाच किलो मध दिला तर मध झाला पाचशे किलो आणि मेण दहा किलो. त्यातलंही काही मेण पुढच्या मेणपत्र्यांसाठी माघारी जातं. मधपाळाला हे परवडतं, कारण माशीला एक किलो मेण घडवायला सहा ते आठ किलो मध खावा लागतो असा ढोबळ हिशेब आहे. तयार पोळं परत दिलं की तेवढा मध वाचतो. थोडक्यात, मधपाळ जितका हुशार तितकं त्याच्याकडे विकायला मेण कमी. तुमच्या-माझ्यासारख्या हस्तकलावाल्याचं नुकसान हे त्याच्या चांगल्या कामाचं फळ आहे, तेव्हा त्याच्याशी भावावरून फार घासाघीस करू नये असं माझं मत.

नेमक्या याच काळात मागणी उलट फिरली. साबण, मलम, मेणबत्त्या, बाटिक, मेणाचे रुमाल हे सगळं गेल्या काही वर्षांत घराघरांत होऊ लागलं आणि त्यातल्या बहुतेकांना ‘नैसर्गिक’ मेणच हवं असतं. बाटिकमध्ये, म्हणजे मेण लावून कापड रंगवण्यात, तर दोन्ही मेणांची गरज लागते. मधमेण लवचीक, कापडाला धरून राहतं. पॅराफिन ठिसूळ, त्याने त्या सुप्रसिद्ध भेगा पडतात. तिथं मिश्रण मुद्दाम करतात आणि ते गैर नाही. गैर आहे ते मिश्रण शुद्धाच्या भावात विकणं.

एक गुंता आणखी. मेणाची जगभरची प्रमाणं ठरली ती युरोपीय मेलिफेरा माशीच्या मेणावरून. आग्या, सातेरी, फुलोरी या आशियाई माश्यांचं मेण व्यापारात ‘गेड्डा’ नावाने वेगळं ओळखलं जातं, आणि त्याचा आम्लांक, म्हणजे मेणातल्या मोकळ्या आम्लाचं माप, मेलिफेराच्या निम्म्याहूनही कमी भरतो. म्हणजे सातेरीचं चोख मेण युरोपीय निकषावर तपासलं तर ते भेसळीचं ठरू शकतं. प्रयोगशाळेत नमुना देणार असाल तर माशी कोणती हे आधी सांगा, नाहीतर प्रामाणिक मधपाळावर आळ यायचा.

घरच्या घरी जे कळतं ते असं. खरं मेण मोडलं की तुटलेली बाजू दाणेदार, मंद दिसते, चकचकीत नाही. नखाने ओरखडा काढला तर त्याची वळी निघते. पॅराफिनचा पांढरा भुगा पडतो. बोटांत मळलं की मऊ होतं, पण तेलकट डाग सोडत नाही. काही महिने ठेवलेल्या वडीवर पांढुरकी साय धरते, ती बुरशी नव्हे, फडक्याने पुसली किंवा जरा ऊब दिली की जाते. थर्मामीटर असेल तर वितळायचा बिंदू ६२ ते ६५ अंश सेल्सियसच्या आसपास यायला हवा. गरम केल्यावर येणाऱ्या वासावर मात्र फार विसंबू नये. थोडं खरं मेण घातलं की वास येतोच. आणि वीस टक्के पॅराफिन मिसळलेलं असेल तर हाताने, नाकाने ते पकडणं जवळजवळ अशक्य. म्हणून एवढ्याशा कसोट्यांपेक्षा मेण कुणाच्या पेटीतलं आहे हे ठाऊक असणं जास्त कामाचं. भाव पॅराफिनच्या आसपास असेल तर प्रश्नच मिटला.

जंगली मेण म्हणून आग्याचं मेण मिळतं, ते वाईट नसतं. पण ते कुठल्या जंगलातून आणि माश्या जाळून की वाचवून आणलं हे विचारायला हवं. राधानगरी अभयारण्य १९५८ पासूनचं आहे. तिथून मोहोळ उतरवून आणलेलं मेण विकत घेणं हा कायद्याचाही विषय होतो.

खरेदीचा हंगाम पावसाआधीचा. जांभळाच्या फुलोऱ्यानंतर उन्हाळ्यात मध निघतो तेव्हाच झाकणांचं मेण जमतं, आणि गगनबावड्यासारख्या ठिकाणी पाच हजार मिलिमीटरवर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात जुनी पोळी पावसाळ्यात नुसती ठेवली तर मेणकिडा त्यांची जाळीजाळी करून टाकतो. म्हणून मधपाळ मे अखेरपर्यंत पोळी वितळवून मोकळा होतो. ऐन दिवाळीत मेण विचारायला गेलं तर जे मिळेल ते बहुधा बाहेरून आणलेलं. मार्चमध्येच आगाऊ सांगून ठेवावं आणि झाकणांचं मेण व जुन्या पोळ्यांचं मेण वेगवेगळं मागावं. झाकणांचं फिकट पिवळं, मधाच्या वासाचं. ते मलमाला, ओठांच्या काडीला. जुन्या पोळ्यांचं तपकिरी मेण स्वस्तात मागावं, आणि ते दोऱ्याला, चामड्याच्या पॉलिशला, लाकडाला वापरावं. तिथं रंगाने काही बिघडत नाही.