बर्ट व्हॅली आणि एन्झाइममधलं जस्त

शरीरातल्या धातूंमध्ये जस्त, म्हणजे झिंक, हा सगळ्यात अबोल धातू. लोखंडामुळे रक्त लाल दिसतं, तांबं असलेली काही प्रोटीन्स निळी असतात, पण जस्ताच्या आयनमध्ये डी कक्षेतले दहाही इलेक्ट्रॉन भरलेले असतात त्यामुळे त्याला रंग नाही आणि चुंबकीय खूणही नाही, प्रोटीनमध्ये तो बसलाय हे कळणार कसं? बर्ट व्हॅली (१९१९-२०१०) या जीवरसायनशास्त्रज्ञाने आपलं बहुतेक संशोधन याच प्रश्नाला दिलं.

जन्म जर्मनीतल्या हेमरचा, १९४३ ला न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीची डॉक्टरकीची पदवी, आणि पुढची बहुतेक कारकीर्द बॉस्टनला हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये. त्यांच्या आधी जस्ताचं एक एन्झाइम (शरीरातल्या रासायनिक क्रियांना वेग देणारं प्रोटीन) माहीत होतं, केंब्रिजच्या केलिन आणि मान यांनी १९४० मध्ये दाखवलेलं कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज. दुसरं सापडायला १९५४ उजाडलं, तेव्हा व्हॅली आणि हान्स न्यूराथ यांनी कार्बॉक्सिपेप्टिडेज हे प्रोटीन पचवणारं एन्झाइम जस्ताचं आहे असं दाखवलं. पाठोपाठ यीस्टमधलं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज.

वाचायला हे सोपं वाटतं, पण जस्त सगळीकडे असतं, धुळीत, रबरात, पाण्यात, काचेच्या भांड्यावर, त्यामुळे नमुन्यात जस्त मिळालं एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही, ते एन्झाइमचं स्वतःचं आहे की बाहेरून चिकटलंय हे आधी ठरवावं लागतं. मग एन्झाइम एकेक पायरीने शुद्ध करत जायचं आणि प्रत्येक पायरीला धातू मोजायचे. बाकीचे धातू कमी होत गेले, जस्त मात्र एन्झाइमच्या कामाच्या जोराबरोबर वाढत गेलं आणि शेवटी एका रेणूला एक अणू असा हिशेब जमला. पुढे फिनॅन्थ्रोलीन या धातू धरणाऱ्या रसायनाने ते जस्त ओढून काढलं तर एन्झाइम बंद पडलं, परत जस्त घातलं की चालू झालं. माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर पुरावा हाच.

मग त्यांनी रंगाचीही वाट काढली. जस्त काढून त्या जागी कोबाल्ट बसवायचा, कोबाल्टला रंग असतो आणि त्या रंगावरून धातूच्या आजूबाजूचा अंदाज येतो. कोबाल्टवालं कार्बॉक्सिपेप्टिडेज पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचे छोटे तुकडे, तोडायच्या कामात जस्तवाल्यापेक्षाही जोरात चाललं, आणि कॅडमियम घातलं तर ते काम थांबलं पण एस्टर या दुसऱ्या प्रकारच्या संयुगांना तोडायचं काम चालूच राहिलं, म्हणजे धातू बदलला की एन्झाइमचा स्वभावही बदलतो. कोबाल्टचा रंग साध्या कोबाल्ट संयुगांसारखा नव्हता. अशाच वेगळेपणावरून १९६८ मध्ये व्हॅली आणि ऑक्सफर्डचे रॉबर्ट विल्यम्स यांनी 'एन्टॅटिक स्थिती' ही कल्पना मांडली. प्रोटीन धातूला आरामाच्या आकारात बसू देत नाही, जरा ताणून धरतं, आणि त्या ताणामुळे तो रिअ‍ॅक्शनसाठी आधीच तयार असतो, अशी ती कल्पना. आजही मेटॅलोएन्झाइमवर, म्हणजे धातू असलेल्या एन्झाइमवर, बोलताना हा शब्द येतो.

सगळेच अंदाज बरोबर आले असं नाही. कार्बॉक्सिपेप्टिडेजमध्ये जस्त सिस्टीन या अमिनो आम्लाच्या (प्रोटीनच्या एका घटकाच्या) गंधकाला धरून असतं असं व्हॅलींचं म्हणणं होतं, पण हार्वर्डच्याच विल्यम लिप्सकॉम्ब यांच्या एक्स-रे रचनेवरून आणि अमिनो आम्लांच्या क्रमावरून वेगळं निघालं: जस्ताला धरून होते दोन हिस्टिडीन आणि एक ग्लुटामेट, हीही अमिनो आम्लंच, आणि पाण्याचा रेणू. दोन्ही सिस्टीन एकमेकांनाच बांधलेले होते.

१९५७ मध्ये मार्व्हिन मार्गोशेस यांच्याबरोबर त्यांना घोड्याच्या मूत्रपिंडात कॅडमियम धरणारं प्रोटीन सापडलं, त्याला मेटॅलोथायोनिन नाव मिळालं. जेमतेम साठेक अमिनो आम्लं आणि त्यात वीस सिस्टीन, आणि जस्ताचे सात आयन मावतात. नंतर व्हॅलींच्या लॅबने १९८५ मध्ये रक्तवाहिन्या वाढवणारं अँजिओजेनिन हे प्रोटीन शोधलं. मेटॅलोथायोनिनवर मात्र काम अजून चालू आहे, कारण कॅडमियमसारखा विषारी धातू पकडून ठेवणं आणि जस्त साठवून गरजेला देणं ही दोन्ही कामं त्याच्या नावावर लावली जातात, आणि यातलं मुख्य कोणतं यावर एकमत झालेलं नाही.