मागे सरकणारा धबधबा

व्हिक्टोरिया धबधब्याच्या समोर उभं राहिलं की पाणी दिसतं, आवाज ऐकू येतो, अंग भिजतं. पण धबधब्याचा आकार काही कळत नाही. झांबेझी नदी इथे १७०८ मीटर रुंदीने कोसळते आणि सर्वांत उंच जागी पाणी १०८ मीटर खाली जातं. समोरच्या कड्यावरून एका वेळी त्यातला लहानसा भागच नजरेत मावतो. एप्रिलच्या सुमारास नदी भरून वाहते तेव्हा तर तेवढाही दिसत नाही. तुषार इतके दाट असतात की समोर फक्त पांढरेपणा उरतो.

म्हणून हेलिकॉप्टर. झांबिया आणि झिम्बाब्वे या दोन्ही देशांतून ते उडतं. छोटी फेरी बारा-तेरा मिनिटांची, मोठी पंचवीस मिनिटांच्या आसपास. 'फ्लाइट ऑफ एंजल्स' हे तिचं नाव आफ्रिकेत फिरलेले स्कॉटिश प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्यामुळे पडलं. १६ नोव्हेंबर १८५५ रोजी त्यांनी हा धबधबा पाहिला आणि हे दृश्य उडत्या देवदूतांनीच न्याहाळलं असेल, अशा अर्थाचं लिहून ठेवलं. ते स्वतः होडीतून काठावरच्या एका बेटावर उतरले होते आणि तिथून वाकून खाली पाहत होते. वरून हा प्रदेश कसा दिसतो, हे त्यांना कधीच पाहायला मिळालं नाही. मिळालं असतं, तर धबधबा कसा तयार झाला याबद्दलचं त्यांचं मत बदललं असतं असं मला वाटतं.

लिव्हिंग्स्टन यांची समजूत अशी होती की जमीन एकदम फाटली आणि त्या फटीत नदी पडली. काठावरून पाहणाऱ्याला दुसरं काही सुचणं कठीणच. एवढी रुंद नदी एका अरुंद, खोल घळीत नाहीशी होते. घळीच्या भिंती सरळसोट आहेत, आणि बाहेर पडायला नदीला सुमारे ११० मीटर रुंदीची एकच वाट आहे. पण हेलिकॉप्टर वर चढलं की धबधब्याच्या दक्षिणेला आणखी घळी दिसू लागतात. पहिल्या घळीतून नदी बाहेर पडते ती दुसरीत शिरते. तिथून उलट वळून तिसरीत, मग चौथीत, पाचवीत. घाटरस्त्याच्या वळणांसारख्या या घळी एकीखाली एक अशा पूर्व-पश्चिम पसरल्या आहेत. दुसरी सव्वादोन किलोमीटरांहून थोडी कमी लांब आहे, पाचवी तीन किलोमीटरांहून अधिक. त्यांच्या पलीकडे बटोका घळ शंभरावर किलोमीटर चालत राहते.

यातली प्रत्येक आडवी घळ म्हणजे धबधब्याची जुनी जागा आहे. कधीकाळी पाणी पाचव्या घळीच्या काठावरून असंच, जवळपास नदीच्या पूर्ण रुंदीने कोसळत होतं. मग ते चौथीत सरकलं, मग तिसरीत. आज आपण ज्याला व्हिक्टोरिया धबधबा म्हणतो, तो या प्रवासातला सध्याचा मुक्काम. हा खुलासा भूशास्त्रज्ञ ए. जे. सी. मॉलिन्यू यांनी १९०५ साली मांडला. नेमक्या त्याच वर्षी दुसऱ्या घळीवरचा रेल्वेपूल वाहतुकीला खुला झाला. १९८ मीटर लांबीचा तो पूल पाण्यापासून १२८ मीटर उंचावर आहे आणि वरून अगदी खेळण्याएवढा दिसतो. घळींच्या आकाराचा अंदाज यायला तो फार उपयोगी पडतो.

आता प्रश्न असा की धबधबा मागे सरकतो कसा, आणि सरकताना असा नागमोडी का जातो?

उत्तर खडकात आहे, आणि तो खडक मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचा आहे. झांबेझीखाली आहे बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीचाच काळा कातळ. दोन्हीकडे लाव्हाचे थर एकावर एक साचून पठार बनलं. फरक वयाचा. आपला दख्खनचा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, तर झांबेझीचा सुमारे १८ कोटी वर्षांचा, गोंडवन हा महाखंड फुटू लागला तेव्हाचा. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात. पुढे जमिनीच्या हालचालींनी त्यातल्या काही भेगा रुंदावतात. झांबेझीच्या पठारावर अशा मोठ्या भेगा मुख्यतः पूर्व-पश्चिम आहेत. त्यांत चिकणमाती, चुन्याचे क्षार असा मऊ माल भरला गेला. त्यांना जोडणाऱ्या लहान भेगा उत्तर-दक्षिण जातात.

नदी मात्र इथे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, म्हणजे मोठ्या भेगांना आडवी. धबधब्याच्या काठावर एखादी जागा जरा सखल असली की पाणी तिथे जास्त जोराने जातं. एखादी लहान भेग धरून ते काठ मागे कापत नेतं. कापत कापत पुढची मोठी भेग लागली, की तिच्यातला मऊ माल धुऊन निघतो आणि नदीच्या रुंदीभर नवी घळ मोकळी होते. मग सगळं पाणी त्या नव्या घळीत पडू लागतं, आणि जुना धबधबा कोरडा कडा होऊन उरतो. हे काम संथ आहे, पण सारख्या वेगाने होत नाही. घट्ट बेसॉल्टमध्ये ते रेंगाळतं, भेग सापडली की झपाट्याने होतं. आठेक जागा बदलायला लाखभर वर्षं लागली असावीत, असा ढोबळ अंदाज दिला जातो.

नायगाराशी तुलना केली तर यातलं वैशिष्ट्य उठून दिसतं. नायगाराही मागे सरकतो. सुमारे १२,००० वर्षांत तो ११ किलोमीटर सरकला. पण तिथे वर डोलोमाइट हा कठीण खडक आणि खाली शेल हा मऊ खडक आहे. खालचा थर झिजतो आणि वरचा आधार सुटून कोसळतो. तिथली कमजोरी आडव्या थरांत आहे, इथली उभ्या भेगांत. त्यामुळे नायगाराने मागे ठेवलेल्या दरीत पुन्हा पुन्हा उलटणारी ही वळणं नाहीत.

बेसॉल्टच्या भेगेत पाणी काय करतं हे पाहायला आफ्रिकेत जावं लागतं असं नाही. साम्रदजवळची सांदण दरी पाहिलेल्याला दोन भिंतींमधली ती चिंचोळी वाट आठवेल, आणि कुकडीच्या पात्रातले निघोजचे रांजणखळगे पाहिलेल्याला गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी कातळ कसा पोखरला जातो हे माहीत आहे. झांबेझीत हेच मोठ्या ताकदीने चालतं. वर्षभराच्या सरासरीने सेकंदाला सुमारे ११०० घनमीटर पाणी शंभरेक मीटर खाली पडतं. हिशोब केला तर ही शक्ती हजार मेगावॉटच्या घरात जाते. गंमत म्हणजे ही सगळी ऊर्जा उष्णतेत बदलली तरी पाणी जेमतेम पाव अंशानेच तापेल. खडक फोडायला तिचा अगदी लहान वाटा वापरला जातो, पण तो वाटा वर्षानुवर्षं, न थांबता वापरला जातो.

फेरीत पश्चिमेच्या टोकाकडे जरूर पाहावं. तिथे 'डेव्हिल्स कॅटरॅक्ट' आहे. त्याचा काठ बाकीच्या धबधब्यापेक्षा बराच सखल असल्याने पाणी कमी असतानाही तो जोरात वाहतो. नदीच्या पात्राला तिरकी छेदणारी एक कमजोर रेषा तिथून निघते. पुढची घळ तिच्यावरच कोरली जाईल, आणि तिचं काम सुरू झालेलं आहे. मला या संपूर्ण दृश्यातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. भूशास्त्रात बहुतेकदा होऊन गेलेल्या गोष्टींचा माग काढावा लागतो, इथे पुढच्या धबधब्याची जागा आधीच बोटाने दाखवता येते.

वरच्या अंगाला नजर टाकली की दुसरा प्रकार. धबधब्याच्या वर झांबेझी पसरट, संथ, बेटाबेटांतून वाहणारी आहे. खाली तीच नदी अंग चोरून घळीतून धावते. एकाच नदीचे हे दोन भाग मुळात वेगळे होते असं मानलं जातं. वरची झांबेझी एके काळी दक्षिणेकडे, आजच्या बोत्सवानातल्या मकगादिकगादीच्या विशाल सरोवराकडे जात होती. पुढे जमिनीच्या हालचालींनी तिची वाट बदलली आणि ती पूर्वेकडच्या झांबेझीला मिळाली. ते सरोवर आटून गेलं. आज तिथे मिठाची सपाट मैदानं आहेत. एवढं पाणी नव्याने मिळाल्यावरच या बेसॉल्टच्या पठारात घळी खोदण्याचं बळ नदीत आलं.

आता हेलिकॉप्टरविषयी. चढण्याआधी प्रत्येकाचं वजन करतात आणि कोणी कुठे बसायचं तेही चालकच ठरवतो. कुणाला यात संकोच वाटतो, पण त्यामागे चोख भौतिकशास्त्र आहे. फिरती पाती हवेला खाली ढकलतात आणि तितक्याच जोराने हवा हेलिकॉप्टरला वर ढकलते. हवा विरळ असली तर पात्यांच्या वाट्याला कमी हवा येते आणि उचल कमी मिळते. इथली जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटरवर आहे आणि ऑक्टोबरात पारा ३५ अंशांपर्यंत जातो. या दोन्हींमुळे हवा समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १७ टक्के विरळ होते. पात्यांच्या दृष्टीने जमिनीवर उभं असतानाच हेलिकॉप्टर जणू १९०० मीटरवर पोचलेलं असतं, म्हणजे कळसूबाईच्या १६४६ मीटरच्या शिखराहूनही वर. इंजिनालाही हवा कमी मिळते. अशा वेळी एकेका किलोचा हिशोब लागतो, आणि वजन एका बाजूला कलून चालत नाही.

धबधब्यावर हेलिकॉप्टर एका जागी थांबवून मनसोक्त फोटो काढू द्यावेत, असं प्रवाशांना वाटतं. चालक मात्र घिरट्या घालत राहतो. हवेत एका जागी तरंगणं हेच हेलिकॉप्टरला सर्वांत महाग पडतं, कारण पाती आपणच खाली ढकललेल्या हवेत फिरत राहतात. पुढे जात असताना त्यांना सतत ताजी, स्थिर हवा मिळते आणि ताशी शंभर किलोमीटरांच्या आसपास कमीत कमी शक्तीत काम भागतं. शिवाय वेग आणि उंची हाताशी असली की इंजिन बंद पडलं तरी खालून वर येणारी हवाच पाती फिरवत ठेवते आणि चालक यंत्र नियंत्रणात ठेवून खाली उतरवू शकतो. आलटूनपालटून वळल्याने दोन्ही खिडक्यांतल्या प्रवाशांना धबधबा दिसतो, हा आणखी एक फायदा.

तुषारांचा ढग वरून पाहताना त्याचीही यंत्रणा कळते. कोसळणारं पाणी सोबत हवा खाली ओढतं. घळ अरुंद असल्याने त्या हवेला बाजूला पसरायला जागा नसते, ती थेंब घेऊन वर उसळते. भर पाण्याच्या दिवसांत हे तुषार ४०० मीटरहून वर जातात आणि कित्येक किलोमीटरांवरून दिसतात. ते जिथे परत पडतात त्या समोरच्या कड्यावर नेचे, रानखजूर, उंबराच्या जातीची झाडं असं बारमाही ओलं रान आहे. आजूबाजूच्या करड्या माळावर ती हिरवी पट्टी वरून इतकी काटेकोर दिसते की तुषार कुठवर पोचतात याची सीमाच आखलेली असावी.

आणि याच तुषारांत इंद्रधनुष्य. थेंबात शिरलेला प्रकाश आतल्या बाजूवर परावर्तित होऊन बाहेर पडतो तेव्हा लाल रंग सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूपासून सुमारे ४२ अंशांवर दिसतो, जांभळा ४० अंशांवर. तो विरुद्ध बिंदू म्हणजे आपल्याच डोक्याची सावली जिथे पडते ती जागा. इंद्रधनुष्य मुळात पूर्ण वर्तुळ असतं. जमिनीवर खालचा भाग दिसत नाही, कारण तिथे थेंबांऐवजी जमीन आडवी येते. हेलिकॉप्टरच्या खाली मात्र तुषार असतात. दुपारी सूर्य ६० अंशांवर असला तर वर्तुळाचा माथासुद्धा क्षितिजाच्या १८ अंश खाली जातो. सपाट माळावर उभ्या माणसाला अशा वेळी इंद्रधनुष्य दिसणारच नाही, वरून मात्र ते घळीत पडलेलं दिसतं. पूर्ण वर्तुळ दिसायला थेंब दृष्टीच्या ८४ अंशांत पसरलेले हवेत आणि हेलिकॉप्टरचा तळही मध्ये येतो, म्हणून बहुतेकांना मोठा कंस मिळतो, पुरं कडं क्वचित. शेजारी बसलेल्या दोघांना दिसणारी इंद्रधनुष्यं वेगवेगळ्या थेंबांतून आलेली असतात, कारण दोघांच्या डोळ्यांच्या जागा वेगळ्या. पौर्णिमेच्या रात्री चंद्रप्रकाशात उमटणारं धनुष्य मात्र जमिनीवरूनच पाहावं लागतं.

कधी जावं? एप्रिलमध्ये पाणी सर्वांत जास्त, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साधारण त्याच्या दहाव्या हिश्शावर. कोरड्या दिवसांत झांबियाच्या बाजूचा कडा बऱ्याच अंशी उघडा पडतो आणि पुष्कळ प्रवासी खट्टू होतात. पण बेसॉल्टचा कातळ आणि त्याच्या भेगा तेव्हाच स्वच्छ दिसतात. मला विचाराल तर जुलै-ऑगस्ट उत्तम, पाणीही असतं आणि घळीही झाकल्या जात नाहीत.

मोठ्या फेऱ्यांमध्ये काही वेळा हेलिकॉप्टर घळीत खाली उतरवतात. थरार असतो, पण ती फेरी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. बटोका घळीच्या कड्यांवर शिकारी पक्षी घरटी करतात, आणि दोन उभ्या भिंतींमध्ये यंत्राचा आवाज कोंडून घुमतो. वळणांची रचना, जुने कडे, डेव्हिल्स कॅटरॅक्टची सखल जागा, पुढच्या घळीची रेषा हे सगळं उंचावरूनच दिसतं. खाली उतरलं की पुन्हा दोन भिंतीच समोर राहतात.