वारसा यादी झाली, आता दुरुस्ती कोण करणार?
जुन्या शहरांच्या नगरपरिषदा आणि वास्तुमालकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे साधारण दोन प्रकारचे लोक येतात. एक येतात नगरपरिषदेकडून. विकास आराखड्याचे काम सुरू असते आणि त्यात "हेरिटेजचे काहीतरी" बसवायचे असते. दुसरे येतात वाड्यांचे मालक. त्यांच्या हातात नोटीस असते. पहिल्यांना यादी हवी असते, दुसऱ्यांना त्या यादीतून आपले घर काढून हवे असते. हे पत्रक दोघांसाठी एकच ठेवले आहे, कारण दोन्ही मागण्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे. यादी होते, पण यादीतल्या घराची दुरुस्ती कोण, कशी आणि कोणाच्या पैशाने करणार हे कोणी ठरवलेले नसते.

जुन्या वास्तूंचे सर्वेक्षण आणि दुरुस्ती करणारे आमचे छोटे कार्यालय आहे. नगरपरिषदेने वारसा जतनाचा उपक्रम कसा उभा करावा आणि मालकाने त्यातून काय मिळवावे, याबद्दलचे आमचे मत खाली दिले आहे. काही ठिकाणी ते कडक वाटेल.

कायदा आहे, वापर नाही

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात काय काय असावे याची यादी आहे. ऐतिहासिक आणि वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या ठिकाणांचे जतन त्यातच येते. याच अधिनियमाच्या आधाराने मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली लागू झाली आणि सहाशेहून अधिक वास्तू व परिसर तिच्या कक्षेत आले. मुंबईबाहेरच्या बहुतेक शहरांना आज २०२० ची एकत्रीकृत नियमावली, म्हणजे जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात ती, लागू आहे. तिच्यातही वारसा जतनाचे नियम आहेत. थंड हवेच्या ठिकाणांच्या नगरपरिषदा तिच्यातून वगळलेल्या आहेत. त्यांनी आपापली नियमावली पाहावी.

म्हणजे नगरपरिषदेला नवा कायदा करायचा नाही. यादी करायची, हरकती-सूचना मागवायच्या, सुनावणी घ्यायची, शासनाकडे मंजुरीला पाठवायचे आणि समिती नेमायची. कागदावर एवढेच आहे.

एक घोळ मात्र आधी मिटवावा. पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक वेगळे आणि शहराच्या यादीतली वारसावास्तू वेगळी. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती पहिले १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. ही तरतूद १९५८ च्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीने आली. पुण्यात शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांना ती तोंडपाठ आहे. शहराच्या यादीतल्या वाड्याभोवती असे कोणतेही वर्तुळ आखले जात नाही. शेजाऱ्यांचा निम्मा विरोध या गैरसमजातून होतो, आणि पहिल्या सभेतच तो दूर केला नाही तर पुढच्या सभांना लोक वकील घेऊन येतात.

श्रेणी: अभिमानाने देऊ नका

यादीतल्या वास्तूला श्रेणी मिळते. पहिल्या श्रेणीत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारख्या वास्तू येतात. तिथे आतून-बाहेरून काहीही बदलायचे नाही. वास्तू मजबूत करण्यासाठी आणि तिचे आयुष्य वाढवण्यासाठी जे अटळ असेल तेवढेच करायचे. दुसऱ्या श्रेणीचे अ आणि ब असे दोन भाग आहेत. दुसऱ्या अ मध्ये आतले बदल आणि नवा वापर चालू शकतो, बाहेरच्या रूपावर मात्र बारीक नजर असते. दुसऱ्या ब मध्ये त्याशिवाय त्याच आवारात, मूळ वास्तूशी जुळेल अशी वाढीव इमारतही काही परिस्थितीत मान्य होते. तिसरी श्रेणी गल्लीचे, पेठेचे एकूण रूप टिकवण्यासाठी आहे आणि तिथे बदलांना बरीच मोकळीक असते.

"यादीत नाव आले की भिंतीत खिळाही ठोकता येत नाही" हे वाक्य मालकांकडून नेहमी ऐकू येते. राहत्या वाड्यांपैकी बहुतेकांची जागा दुसऱ्या ब किंवा तिसऱ्या श्रेणीतच असते, आणि तिथे ते खरे नाही. नगरसेवकांना आपल्या वॉर्डातला वाडा पहिल्या श्रेणीत हवा असतो. तो मोह टाळावा. ज्या घरात चार कुटुंबे राहतात, जिथे न्हाणीघर आणि स्वयंपाकघर बदलल्याशिवाय गत्यंतर नाही, त्याला पहिली श्रेणी देणे म्हणजे त्या कुटुंबांना घराबाहेर काढणे. रिकामा झालेला वाडा पुढे किती पावसाळे काढेल हे सांगायला आमची गरज नाही.

यादी कशी करावी

सर्वेक्षण घरोघर जाऊनच होते. प्रत्येक वास्तूचे एक पत्रक: सिटी सर्व्हे नंबर, मालमत्ता पत्रकावरची नावे, प्रत्यक्ष राहणारे कोण, बांधकामाचा अंदाजे काळ, मजले, साहित्य, आजची अवस्था, नंतर झालेले फेरफार, छायाचित्रे. दिंडी दरवाजा, चौक, सुरूच्या घाटाचे खांब, महिरपी, देवळ्या, पोटमाळा यांची नोंद सगळेच करतात. संडासाचा पाइप कुठल्या भिंतीतून खाली येतो आणि पागोळ्यांचे पाणी कुठे पडते ही नोंद फारशी कोणी करत नाही, आणि पुढची दुरुस्ती नेमकी त्याच नोंदीवर चालते.

वाडे आणि देवळे यांवरच थांबू नये. बारव, हौद, नदीचा घाट, पार, जुनी शाळा, मंडई, चाळ ही सगळी त्याच शहराची वास्तू आहे. नियमावलीत परिसर आणि नैसर्गिक ठिकाणांनाही जागा आहे. एखाद्या गल्लीत एकही घर एकट्याने बघण्यासारखे नसते, पण ओट्यांची रांग आणि कौलांची उतरण एकसारखी असते. तिथे घरे सुटी न धरता सगळी गल्ली परिसर म्हणून नोंदवावी.

आता नाजूक भाग. यादी होणार अशी बातमी फुटल्यापासून ती मंजूर होईपर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा. याच काळात घाईघाईने पाडकामे होतात. म्हणून आमचा आग्रह असतो की जाहीर सूचना वर्तमानपत्रात येण्यापूर्वी मालक आणि भाडेकरू या दोघांशी घरी बसून बोलणे झालेले असावे, आणि त्या वेळी हातात सवलतींचा कागद असावा. फक्त बंधनांचा कागद घेऊन गेलात तर सुनावणीत हरकतींचा गठ्ठा येणारच. त्याच काळात पाडकामाच्या परवान्याचा प्रत्येक अर्ज नगररचना विभागाने वेगळा काढून पाहावा, अशी लेखी सूचना मुख्याधिकाऱ्यांनी द्यावी.

धोकादायक इमारतीची नोटीस

यावर जरा जास्त लिहितो, कारण जुन्या शहरांतले वाडे सगळ्यात जास्त इथे जातात.

दर उन्हाळ्यात, पावसाळ्यापूर्वी, नगरपरिषद किंवा महानगरपालिका धोकादायक इमारतींची पाहणी करते. महानगरपालिका असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटीस निघते. इमारतींची वर्गवारी सी-१, सी-२ अ, सी-२ ब, सी-३ अशी होते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, आणि खाली उतरत जाल तशी दुरुस्तीला वाव. पाहणी बांधकाम विभाग करतो, यादी नगररचना विभागाकडे असते आणि दोघांचे टेबल वेगळ्या मजल्यावर असते. एकाच कार्यालयाने वारसा म्हणून जपलेली वास्तू त्याच कार्यालयाच्या नोटिसीने पाडली जाऊ शकते, आणि त्यात कोणाचाही वाईट हेतू असावा लागत नाही.

दुसरी अडचण तपासणीची. स्ट्रक्चरल ऑडिटचे प्रचलित नमुने आरसीसी इमारतींसाठी बनलेले आहेत. त्यात काँक्रीट तपासणाऱ्या रिबाउंड हॅमर व अल्ट्रासॉनिक पल्स या चाचण्या आणि सळ्यांचा गंज यांचे रकाने असतात. पेशवाई धाटणीच्या वाड्यात भार लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर असतो आणि वरच्या मजल्याच्या भिंती बहुतेक वेळा नुसत्या भरावाच्या असतात. तिथे हॅमरने काय मोजणार? रकाने रिकामे राहतात आणि अभियंता स्वतःला सुरक्षित ठेवण्यासाठी "अतिधोकादायक" लिहून मोकळा होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, नमुनाच चुकीचा आहे.

वाड्याची खरी तपासणी वेगळी असते. तुळईचे टोक भिंतीत जिथे शिरते तिथे ते कुजले आहे का, वाळवी कुठवर चढली आहे, तुळई किती वाकली आहे, खांबाखालचा दगड हलला आहे का, भिंतीला फुगवटा आला आहे का, आणि मुख्य म्हणजे पाणी कुठून येते. वाडा वयाने पडत नाही, पाण्याने पडतो. फुटलेले कौल, तुंबलेली पन्हळ, मधल्या काळात वरच्या मजल्यावर काढलेली मोरी एवढे पुरेसे असते. शाकारणी वेळच्या वेळी झाली असती तर नोटीस निघालीच नसती अशी घरे आमच्या पाहणीत वारंवार दिसतात.

म्हणून वारसा उपक्रमाचा पहिला ठराव हा असावा: यादीतल्या कोणत्याही वास्तूची वर्गवारी लाकूड-दगड-चुन्याच्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याच्या अहवालाशिवाय अंतिम होणार नाही. तोवर टेकू द्या, धोक्याचा भाग रिकामा करा. माणसांच्या जिवाशी खेळायचे नाहीच. पण टेकू देणे आणि जेसीबी लावणे यांत फरक आहे.

मालकांसाठी: नोटीस आली की पहिल्या दिवशी उत्तर द्या, मुदत संपायची वाट पाहू नका. आणि "आपोआप पडला की मोकळी जागा मिळेल" असा सल्ला कोणी देत असेल तर सावध राहा. परवानगीविना पाडलेल्या वारसावास्तूच्या जागी नवे बांधकाम मूळ क्षेत्रफळापेक्षा जास्त होऊ नये आणि त्याच रूपात व्हावे, ही भूमिका मुंबईच्या नियमावलीने सुरुवातीपासून घेतली.

सिमेंटबद्दल थोडेसे

चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत अडकते, वीट भुगा होते आणि लाकूड कुजते. भिंत "मजबूत" करण्यासाठी केलेला खर्चच तिला मारतो. चुन्याचे काम जाणणारे गवंडी अजून मिळतात, पण त्यांना सलग काम मिळाले तरच ते टिकतील. नगरपरिषदेने आपल्या मालकीच्या एखाद्या वास्तूवर आधी काम काढावे, म्हणजे कारागीर गावात येतात आणि खासगी मालकालाही ते परवडतात. आपल्या वास्तूपासून सुरुवात केल्याने लोकांना सांगण्याचा नैतिक अधिकारही मिळतो. पुण्याची १८८६ साली बांधलेली महात्मा फुले मंडई आजही मंडई म्हणूनच चालते. जपणूक म्हणजे संग्रहालय करणे असे ज्यांना वाटते त्यांना ती दाखवावी.

पैसा

नियमावलीत तीन वाटा आहेत. पहिली हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे टीडीआरची. वारसा बंधनांमुळे जेवढा एफएसआय, म्हणजे जागेवर मिळणारा बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही, तेवढा दुसरीकडे विकायचा. मुंबई-पुण्यात याला किंमत आहे. तालुक्याच्या गावात टीडीआर घेणारा बिल्डरच नसतो, तिथे हे प्रमाणपत्र कपाटात राहते. सवलत म्हणून ते मालकांपुढे नाचवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी वाट वापर बदलाची. मालक वास्तू नीट राखायला तयार असेल तर समितीच्या संमतीने राहत्या भागात दुकान, खानावळ, निवास-न्याहारी, कार्यालय असा वापर करता येतो. देखभाल सोडली तर ही परवानगी काढून घेतली जाते, आणि ती तशी काढून घेतलीच पाहिजे. छोट्या शहरांत हीच वाट चालते. तिसरी वाट दुरुस्ती निधीची. नियमावलीत असा निधी उभारण्याची मुभा आहे, पण अंदाजपत्रकात शीर्ष उघडले नाही तर मुभेला काही अर्थ नाही. रक्कम लहान असली तरी चालेल. कौले आणि पन्हळी यांच्यासाठीच ती राखून ठेवली तरी पुष्कळ घरे वाचतील.

भाडेकरू असलेल्या वाड्यांची गाठ अवघड आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार दुरुस्ती मालकाची जबाबदारी. त्याने नोटीस देऊनही ती केली नाही तर भाडेकरूने करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जिथे महिन्याचे भाडे चहा-भज्यांच्या बिलापेक्षा कमी, तिथे हा चतुर्थांश किती, ते तुम्हीच काढा. अशा ठिकाणी मालक, भाडेकरू आणि नगरपरिषद यांचा लेखी करार करून निधीतून वाटा देणे एवढाच व्यवहार्य तोडगा आम्हाला दिसतो.

समितीपेक्षा कक्ष महत्त्वाचा

वारसा समितीत इतिहासाचे जाणकार, वास्तुविशारद, अभियंते असतात आणि ते अधूनमधून भेटतात. मालकाला मात्र सोमवारी सकाळी विचारायला कोणीतरी खिडकीवर हवे असते. अहमदाबाद महानगरपालिकेने १९९६ साली हेरिटेज कक्ष सुरू केला आणि १९९७ च्या नोव्हेंबरपासून काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत, पोळींमधून, म्हणजे तिथल्या जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांमधून, जाणारा पदफेरा चालू केला. जागतिक वारसा शहराचा मान त्यांना २०१७ मध्ये मिळाला. मधली वीस वर्षे कार्यालयात बसून काम करणारी माणसे होती. लहान नगरपरिषदेला पूर्ण कक्ष जमणार नाही, पण एक नेमलेला अभियंता आणि मूळ रूप आहे तसेच ठेवणाऱ्या दुरुस्तीसाठी एक पानी अर्ज एवढे जमते. कौल बदलण्याचा अर्ज समितीच्या बैठकीची वाट पाहत पडून राहिला, तर पुढच्या वेळी मालक अर्ज करणार नाही.

आमच्याशी काम करताना

नगरपरिषदेसाठी आम्ही सर्वेक्षण, यादीचा मसुदा, सुनावणीची तयारी आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण करतो. मालकांसाठी तपासणी अहवाल, नोटिशीला तांत्रिक उत्तर, दुरुस्तीचे नकाशे आणि कामावर देखरेख. ज्या शहराची यादी आम्ही करत असू, तिथल्या मालकाचे हरकतीचे काम घेत नाही. शुल्क वास्तूच्या आकारावर आणि अवस्थेवर ठरते. पहिल्या पाहणीनंतर लेखी दरपत्रक देतो. श्रेणी बदलून देण्याचे किंवा यादीतून नाव काढून देण्याचे आश्वासन आम्ही देत नाही. तो निर्णय सुनावणीत होतो.

पहिल्या भेटीला येताना मालमत्ता पत्रक, सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीची पावती, आलेली प्रत्येक नोटीस पाकिटासकट, आधीचा ऑडिट अहवाल आणि घरातले जुने फोटो आणावेत. लग्नाच्या अल्बममध्ये चौकाचे आणि ओसरीचे चांगले फोटो सापडतात, तेही पाहा. शक्य असेल तर पाहणी पावसाळ्यात ठरवू, गळती कोरड्या दिवसांत दिसत नाही.