हलक्या मोटारीतील इंजिनबदल

हलक्या मोटारीतील इंजिनबदल : रोजच्या जाण्यायेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या मोटारीचे मूळ इंजिन उतरवून त्या जागी दुसऱ्या मॉडेलचे किंवा दुसऱ्या प्रकारचे इंजिन बसवणे. गाड्यांच्या जगात याला सर्रास 'इंजिन स्वॅप' म्हणतात. असा बदल बहुतेक वेळा ताकद वाढवण्यासाठी केला जातो. प्रस्तुत नोंदीत मात्र इंधन वाचवण्यासाठी केलेल्या बदलाचा विचार आहे. या दोन हेतूंसाठी इंजिन निवडण्याचे निकष जवळजवळ उलटे असतात, आणि पहिल्याचे निकष दुसऱ्याला लावले की निवड चुकते.

सुरुवात गाडीच्या गरजेपासून करावी, इंजिनापासून नव्हे. चालकासह ७५० किलो वजनाची, सर्वसाधारण आकाराची छोटी मोटार सपाट रस्त्यावर ताशी ८० किमी वेगाने चालवायला इंजिनाकडून सुमारे ६ किलोवॅट, म्हणजे जेमतेम ८ अश्वशक्ती लागते. ताशी १०० किमीला हा आकडा साडेदहा किलोवॅटच्या आसपास जातो, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. गाडीच्या कागदांवर छापलेली ६० किंवा १०० अश्वशक्ती प्रवासातला फार थोडा वेळ वापरली जाते. पेट्रोल इंजिन इतक्या हलक्या कामावर असते तेव्हा थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप बरीचशी मिटलेली असते. त्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची बरीच शक्ती खर्च होते. इंजिन जितके मोठे, तितका हा तोटा जास्त.

हेच आकड्यांत मांडता येते. एक लिटरचे तीन सिलिंडरी इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर हे ६ किलोवॅट देताना दर किलोवॅट-तासाला अंदाजे ३२० ग्रॅम पेट्रोल खाईल. दोन लिटरचे इंजिन २,५०० फेऱ्यांवर तेच काम करताना ४८० ग्रॅमच्या घरात जाईल. लिटरमागे किलोमीटर काढले तर पहिले ३१ आणि दुसरे २१. गाडी तीच, रस्ता तोच, वेगही तोच. पूर्ण भाराखाली कदाचित दोन लिटरचे इंजिन अधिक कार्यक्षम ठरेल, पण त्या भाराखाली ही गाडी कधी चालतच नाही.

निवडीचा अर्धा भाग गिअरबॉक्समध्ये असतो, आणि नेमका तोच दुर्लक्षित राहतो. पावणेदोन मीटर परिघाचे चाक, पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.७६ आणि शेवटच्या जोडीचे म्हणजे फायनल ड्राइव्हचे ४.४ असेल, तर ताशी ८० किमीला इंजिन मिनिटाला सुमारे २,५५० फेऱ्या करते. फायनल ड्राइव्ह ३.४५ केला की फेऱ्या २,००० वर येतात. मूळ इंजिन जागेवर ठेवून त्याच मालिकेतल्या दुसऱ्या मॉडेलचा लांब गिअरचा, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा बॉक्स बसवला, तरी फायद्याचा मोठा वाटा हाती येतो. काम निम्म्याहून कमी, धोकाही कमी. गिअर फार लांब ठेवले, तर मात्र चढावर सारखे खालच्या गिअरमध्ये यावे लागते आणि शहरात पाचवा गिअर पडतच नाही.

दाता इंजिन, म्हणजे दुसऱ्या गाडीतून काढून बसवायचे इंजिन, शोधताना पहिली पसंती त्याच कंपनीच्या, त्याच कुटुंबातल्या इंजिनाला द्यावी. माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे आधार), क्लच, एक्सल आणि बेल हाउसिंगचे, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचे, बोल्ट जुळण्याची शक्यता तिथेच सर्वाधिक असते. याचे चांगले उदाहरण होंडाचे डी मालिकेतले डी१५झेड१ हे दीड लिटरचे इंजिन. १९९२ ते १९९५ या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या सिव्हिक व्हीएक्समध्ये ते होते. हलक्या भाराखाली नेहमीपेक्षा बरीच जास्त हवा आणि कमी पेट्रोल घेऊन, म्हणजे लीन बर्न पद्धतीने, ते चालते. जुन्या सिव्हिक आणि होंडाच्याच सीआरएक्स या छोट्या गाडीत ते बसवणारे अनेक जण आहेत. पण हे मिश्रण सांभाळण्यासाठी धुरातला ऑक्सिजन मोजणारा पाच तारांचा खास सेन्सर (ऑक्सिजन सेन्सर) आणि त्याच इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, लागतो. नुसता लोखंडी भाग उचलून आणला आणि जुना ईसीयू जोडला, तर इंजिन चालते खरे, पण ज्या गुणासाठी ते आणले तो गुण कधी जागाच होत नाही. म्हणून इंजिन घेताना वायरिंग हार्नेस (तारांचा जुडगा), ईसीयू, सेन्सर आणि चावीचा इमोबिलायझर (चोरी रोखणारे कुलूप) असा पूर्ण संच घ्यावा. तारा कापून दिलेला संच स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

टोयोटा प्रियसचे १एनझेड-एफएक्सई हे दीड लिटरचे ॲटकिन्सन चक्राचे, म्हणजे ताकद थोडी सोडून इंधन वाचवणाऱ्या पद्धतीचे, इंजिन कागदावर फार मोहक दिसते. ते काटकसरी आहे यात शंका नाही. मात्र त्याचा कमी वेगावरचा अशक्तपणा मूळ गाडीत विजेची मोटर भरून काढते, आणि त्याचा ईसीयू हायब्रिड यंत्रणेशी सतत बोलत असतो. ती यंत्रणा काढून घेतली की स्वतंत्र ईसीयू बसवून सगळे ट्यूनिंग नव्याने करावे लागते.

डिझेलला थ्रॉटलचा तोटा जवळजवळ नसतो, त्यामुळे हलक्या भारावर ते पेट्रोलपेक्षा स्पष्टपणे सरस ठरते. तुलना करताना एक भान ठेवावे : एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे १२ टक्के अधिक ऊर्जा असते, म्हणून लिटरमागच्या फरकातला तेवढा भाग इंधनाचा असतो, इंजिनाचा नव्हे. शिवाय जड डिझेल इंजिन हलक्या गाडीच्या नाकावर बसते. पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतात, ब्रेक पुन्हा तपासावे लागतात. आणखी एक बारीक पण जिवाची गोष्ट म्हणजे ब्रेक बूस्टर, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारा भाग. पेट्रोल गाडीत तो इनटेक मॅनिफोल्डमधल्या निर्वातावर चालतो. डिझेलमध्ये तो निर्वात मिळत नाही, त्यामुळे वेगळा व्हॅक्यूम पंप हवाच. तो विसरला, तर पेडल दगडासारखे कडक होते. रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचा असेल तर काजळीचा फिल्टर असलेले आधुनिक डिझेल घेऊच नये. फिल्टर स्वतःला जाळून साफ करण्याइतका तापत नाही आणि तुंबतो.

मोटारसायकलचे इंजिन हलके असले, तरी त्याचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) फार वरच्या फेऱ्यांवर येतो, क्लच हलक्या वाहनासाठी बनवलेला असतो आणि सहसा रिव्हर्स गिअर नसतो. रोजच्या गाडीसाठी हा पर्याय बाद समजावा.

खर्चाचा हिशेब पैशांआधी लिटरमध्ये करावा. गाडी लिटरमागे १८ वरून २२ किमीवर गेली, तर १०,००० किमीमागे सुमारे १०० लिटर वाचतात. २२ वरून २६ वर गेली, तर सुमारे ७० लिटरच. अॅव्हरेज मुळातच चांगले असेल तर तेवढ्याच वाढीतून मिळणारी बचत कमी होत जाते. म्हणून आधी जुन्या इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजावे, थर्मोस्टॅट, म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याचा प्रवाह नियंत्रित करणारी झडप, उघडाच अडकला आहे का ते पाहावे, ऑक्सिजन सेन्सर, टायरमधली हवा आणि चाकाला घासणारे ब्रेक तपासावेत. थर्मोस्टॅट अडकलेले इंजिन कधी पूर्ण तापत नाही आणि ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहतो. एवढे दुरुस्त केल्यावर बदलाची गरज उरली नाही, असे पुष्कळदा घडते.

इंजिनाचा क्रमांक नोंदणीच्या कागदांवर असतो आणि उत्सर्जनाचे निकष गाडीला लागू असतात, त्यामुळे अनेक देशांत असा बदल परवानगी, तपासणी आणि नवी नोंद यांशिवाय वैध ठरत नाही. अपघातानंतर विमाही नाकारला जाऊ शकतो. जुन्या इंजिनाच्या जागी त्याहून जुने, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) नसलेले इंजिन बसवण्यास मान्यता मिळणे सहसा अवघड असते, त्यामुळे दाता इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा त्यानंतरचे, सर्व प्रदूषण-नियंत्रक भागांसह घ्यावे आणि खरेदीची पावती इंजिन क्रमांकासकट जपून ठेवावी.