आखूड बेसला जाड तार का लागते?

बेस गिटारवर तारेची वाजणारी लांबी जास्त असली तर तो लाँग स्केल, कमी असली तर शॉर्ट स्केल. लाँग स्केल बेसच्या जाडीच्याच तारा शॉर्ट स्केल बेसवर चढवल्या, की ई तार, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची जाड तार, बोटाखाली लोळते. सूर बरोबर लागतो, पण जरा जोरात छेडलं की ती फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटते. मग बरेच जण गिटारच हलक्या दर्जाची म्हणून मोकळे होतात. मला हे फार खटकतं, कारण इथे चूक तारेच्या निवडीची असते.

फेंडरच्या १९५१ च्या प्रिसिजन बेसवर नटपासून (मानेच्या टोकाची खाच असलेली पट्टी) ब्रिजपर्यंत (तार अडकवायची खालची घोडी) ३४ इंच तार कंप पावते. १९६६ च्या मस्टँग बेसवर ३० इंच. पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बर्गला घेतलेला हॉफनर बेसही साधारण तेवढाच. मोकळ्या ई तारेचा सूर मात्र सगळीकडे एकच, सेकंदाला सुमारे ४१ कंपनं. तार आखूड केली की सूर चढतो, सैल केली की उतरतो, हे गणित फ्रेंच धर्मगुरू मेर्सेन यांनी १६३६ मध्येच मांडलं. त्यामुळे आखूड तार त्याच सुरात ठेवायची तर ती सैल सोडावीच लागते. ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून चार इंच कमी झाले की २२ टक्के ताण जातो. लांब बेसवर १८ किलोची ओढ असलेली तार इथे १४ किलोवर येते.

अशा सैल तारेला आणखी एक खोड असते. जोरात छेडली की ती क्षणभर जास्त ताणली जाते, आणि मुळात ताण कमी असल्यामुळे ही वाढ मोठी ठरते. सूर आधी चढा लागतो, मग खाली येतो.

तंबोऱ्यात खर्जाची तार जोडीच्या तारांपेक्षा जाड असते, त्यामागचं कारण इथेही लागू पडतं: ताण न घटवता सूर खाली न्यायचा तर तारेचं वजन वाढवायचं. मूळ ताण पूर्ण परत हवा असेल, तर १०५ गेजच्या, म्हणजे ०.१०५ इंच जाडीच्या तारेऐवजी ११९ ची लागेल. पण मी तिथवर जाणार नाही. जाड तार वाकायला ताठ असते, आणि ती जितकी ताठ, तितके तिचे वरचे उपस्वर (मूळ सुरासोबत वाजणारे उंच सूर) आपली जागा सोडून चढे वाजतात, आणि आखूड लांबीत ते जास्त जाणवतं. म्हणूनच बेसची तार सबंध जाड नसते. बारीक गाभ्यावर वेटोळी देऊन वजन वाढवलेलं असतं. ११० ची ई तार मला योग्य मध्य वाटतो. त्यातही फ्लॅटवाउंड असेल तर उत्तम: वरची पट्टी चपटी असल्याने वेटोळ्यांत फटी कमी राहतात, त्याच जाडीत वजन बहुधा जास्त बसतं.

तारांचा सेट मात्र शॉर्ट स्केलचाच घ्या. लांब सेटची तार शेवटाकडे बारीक होण्याआधीच खुंटीपाशी पोचते; तो जाड भाग खुंटीला गुंडाळताना वेटोळी उसवू शकतात. कापावीच लागली, तर कापायच्या जागेच्या अलीकडे आधी काटकोनात दुमडा आणि मगच कापा.