कृष्णवर्णीय पुरुषांचे आजारपणाविषयीचे जाहीर कथन

दीर्घकालीन शारीरिक व्याधी किंवा मानसिक विकार घेऊन जगण्याचा अनुभव कृष्णवर्णीय पुरुषांनी नाव न लपवता, स्वतःच्या तोंडून लोकांसमोर मांडण्याची प्रथा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आकारास आली आणि काही प्रमाणात ब्रिटनमध्येही रुजली. पत्रकार परिषदा, आत्मकथने, कविता, माहितीपट, रॅप संगीत आणि खेळाडूंच्या मुलाखती ही तिची ठळक माध्यमे होत. तथापि केशकर्तनालये, चर्च आणि रुग्णांचे आधारगट येथे चालणारे, कोठेही छापून न येणारे बोलणे हाच तिचा मोठा भाग मानला पाहिजे. आपल्या दुखण्याविषयी पुरुषाने गप्प राहावे ही अपेक्षा बहुतेक समाजांत आढळते. कृष्णवर्णीय पुरुषांच्या मौनाला मात्र या सर्वसाधारण पुरुषी संकोचाखेरीज आणखी एक कारण आहे : त्यांनी सांगितलेले दुखणे अनेकदा त्यांच्याच विरुद्ध वापरले गेले. त्यामुळे या प्रथेचा इतिहास बोलणाऱ्याच्या धैर्याचा आहे, तितकाच विश्वासू श्रोता मिळण्या-न मिळण्याचाही आहे.

मौनाची पार्श्वभूमी : गुलामगिरीच्या काळात कृष्णवर्णीयांच्या मनाविषयी बोलण्याचा अधिकार मालकांनी आणि त्यांच्या वैद्यांनी आपल्याकडे ठेवला होता. सॅम्युएल कार्टराइट या दक्षिणेकडील वैद्याने १८५१ मध्ये गुलामांच्या पळून जाण्यालाच ‘ड्रॅपेटोमेनिया’ असे नाव देऊन तो मानसिक रोग ठरवला. हा केवळ जुना वेडगळपणा म्हणून सोडून देता येत नाही, कारण शंभरहून अधिक वर्षांनंतरही तोच विचार नव्या रूपात दिसतो. मिशिगनमधील आयोनिया येथील मनोरुग्णालयाच्या जुन्या कागदपत्रांवरून मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन मेट्झल यांनी दाखवून दिले आहे, की नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात स्किझोफ्रेनियाचे (छिन्नमनस्कतेचे) निदान गोऱ्या गृहिणींकडून सरकत सरकत संतप्त कृष्णवर्णीय पुरुषांवर येऊन स्थिरावले. १९७४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मनोविकारावरील औषधाच्या जाहिरातीत मूठ उगारलेला कृष्णवर्णीय पुरुष चितारलेला होता. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने आपल्या व्यवसायातील वंशभेदाबद्दल जाहीर माफी मागितली ती जानेवारी २०२१ मध्ये.

शारीरिक आजारांच्या बाबतीत अविश्वासाचे मूळ म्हणून अ‍ॅलाबामा राज्यातील टस्कीगी येथील प्रयोगाचा उल्लेख नेहमी होतो. तेथे १९३२ ते १९७२ या काळात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर, ज्यांपैकी ३९९ जणांना उपदंश (सिफिलिस) होता, केवळ पाळत ठेवली. त्यांना ‘रक्त खराब आहे’ एवढेच सांगण्यात आले आणि पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय उपलब्ध झाल्यावरही तो दिला गेला नाही. या प्रकरणात बळी गेलेल्यांचे मौन सर्वश्रुत आहे. त्यांचे बोलणे मात्र फारसे सांगितले जात नाही. चार्ली पोलार्ड या शेतकऱ्याने नागरी हक्कांचे वकील फ्रेड ग्रे यांच्यामार्फत दावा लावला आणि १९७४ मध्ये सरकारला एक कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. १६ मे १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी व्हाइट हाउसमध्ये माफी मागितली, तेव्हा हयात असलेल्या आठांपैकी पाच जण समोर बसले होते. त्यांतले ९४ वर्षांचे हर्मन शॉ हे राष्ट्राध्यक्षांच्या आधी बोलले. आणि स्वतःचे वय ११० च्या आसपास सांगणारे फ्रेड सिमन्स त्या समारंभासाठी आयुष्यात प्रथमच विमानात बसले होते.

सोसत राहण्याची किंमतही मोजली गेली आहे. रोगपरिस्थितिविज्ञानाचे अभ्यासक शर्मन जेम्स यांना १९७८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात जॉन हेन्री मार्टिन नावाचे निवृत्त शेतकरी भेटले. अर्धलीने जमीन कसणाऱ्या कुटुंबात जन्मलेल्या आणि जेमतेम दुसरीपर्यंत शिकलेल्या या गृहस्थांनी अविश्रांत कष्टांच्या बळावर चाळिशीत ७५ एकर जमीन स्वतःच्या नावावर केली होती. पण साठीच्या आत त्यांना उच्च रक्तदाब, संधिवात आणि पोटातील व्रण यांनी घेरले. वाफेच्या यंत्राशी पैज लावून जिंकणारा आणि हातोडा हातात असतानाच मरणारा लोककथेतील पोलादी मजूरही जॉन हेन्रीच. त्यावरून जेम्स यांनी, तुटपुंज्या साधनांनिशी परिस्थितीशी सतत झुंजत राहण्याच्या आणि त्यातून रक्तदाब वाढण्याच्या या प्रकाराला ‘जॉन हेन्रीइझम’ ही संज्ञा दिली.

एड्सचा काळ : या प्रथेला तिचे आजचे रूप एड्सच्या साथीने दिले. दूरचित्रवाणीवरील राष्ट्रीय बातमीपत्राचे पहिले कृष्णवर्णीय सूत्रधार मॅक्स रॉबिन्सन यांनी आपला आजार शेवटपर्यंत लपवला. डिसेंबर १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि आपल्या मृत्यूचे कारण कृष्णवर्णीय समाजाच्या प्रबोधनासाठी उघड करावे ही त्यांची इच्छा त्यानंतर जाहीर झाली. बोलण्याची इच्छा आणि बोलण्याची भीती एकाच माणसात कशी नांदत होती, याचे हे बोलके उदाहरण आहे. त्याच सुमारास समलिंगी कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांचे एक लहान वर्तुळ मात्र उघडपणे बोलू लागले होते. संपादक जोसेफ बीम, कवी एसेक्स हेम्फिल आणि माहितीपटकार मार्लन रिग्ज ही त्यांतील प्रमुख नावे. रिग्ज यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी केलेल्या एका माहितीपटात एचआयव्हीबाधित पाच समलिंगी कृष्णवर्णीय पुरुष आपापली कथा सांगतात. हे तिघेही १९९५ अखेरपर्यंत एड्सला बळी पडले. लोकप्रिय इतिहासात ही परंपरा एका बास्केटबॉलपटूपासून सुरू झाल्याचे सांगितले जाते, ते म्हणूनच खरे नाही.

त्या बास्केटबॉलपटूचे, म्हणजे ‘मॅजिक’ जॉन्सन यांचे, महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. ७ नोव्हेंबर १९९१ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, आपल्याला एचआयव्हीची लागण झाली असून त्याच दिवसापासून आपण निवृत्त होत आहोत, असे त्यांनी लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवुड येथे जाहीर केले. हा आजार केवळ समलिंगी गोऱ्या पुरुषांचा आहे हा समज त्या एका दुपारी डळमळीत झाला. पुढल्याच वर्षी ते बार्सिलोना ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या संघात होते. परंतु व्यावसायिक स्पर्धेत परतण्याचा बेत मात्र काही खेळाडूंनी लागण होण्याची भीती उघडपणे बोलून दाखवल्यानंतर त्यांना त्या वेळी सोडून द्यावा लागला.

टेनिसपटू आर्थर अ‍ॅश यांचे प्रकरण वेगळे आणि अधिक अस्वस्थ करणारे आहे. १९८३ मधील हृदयशस्त्रक्रियेनंतर दिलेल्या रक्तातून त्यांना लागण झाली होती आणि १९८८ पासून त्यांना ते ठाऊक होते. एका राष्ट्रीय दैनिकाने विचारणा सुरू केल्यावर बातमी फुटण्याआधी आपणच ती सांगणे त्यांना भाग पडले. ८ एप्रिल १९९२ च्या पत्रकार परिषदेत लहान मुलीचा उल्लेख येताच त्यांचा कंठ दाटून आला आणि पुढचा मजकूर त्यांच्या पत्नीने वाचला. या आजारापेक्षाही अमेरिकेत कृष्णवर्णीय म्हणून जगण्याचे ओझे आपल्याला जड वाटते, असे अ‍ॅश यांनी नंतर नमूद केले. ६ फेब्रुवारी १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. जाहीर कथन नेहमीच स्वेच्छेने होते असे धरून चालणाऱ्यांनी हे प्रकरण नजरेआड करू नये.

मानसिक विकारांविषयी : शारीरिक आजारांच्या मानाने हे बोलणे उशिरा सुरू झाले. जून २०१० मध्ये लॉस एंजेलिस लेकर्स या बास्केटबॉल संघाने अजिंक्यपद मिळवताच त्यातील खेळाडू रॉन आर्टेस्ट यांनी मैदानावरच्या थेट प्रक्षेपणात आपल्या मानसोपचारतज्ज्ञांचे आभार मानले, तेव्हा तो एक गमतीदार प्रसंग म्हणून चघळला गेला. पुढल्या वर्षी अमेरिकन फुटबॉल खेळणारे ब्रँडन मार्शल यांनी आपल्याला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार (भावना व नातेसंबंध टोकाचे अस्थिर करणारा विकार) असल्याचे सांगितले. ऑक्टोबर २०१६ मध्ये रॅपर किड कडी यांनी नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांवरील उपचारांसाठी दाखल होत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर असंख्य सामान्य कृष्णवर्णीय पुरुष ‘यू गुड, मॅन?’ या साध्या विचारपुशीभोवती आपले अनुभव लिहू लागले. फेब्रुवारी २०१८ मध्ये कॉम्प्टनसारख्या खडतर वस्तीत वाढलेल्या डीमार डीरोझन या बास्केटबॉलपटूने नैराश्याविषयीची एक ओळ मध्यरात्रीनंतर प्रसिद्ध केली आणि पुढे सविस्तर मुलाखतही दिली. २०१९–२० च्या हंगामापासून प्रत्येक संघाने खेळाडूंसाठी मानसिक आरोग्यतज्ज्ञ उपलब्ध ठेवण्याचा नियम बास्केटबॉल महामंडळाने केला. ज्या कृतीचे २०१० मध्ये हसू झाले, तिच्यासाठी दहा वर्षांच्या आत नियमावलीत जागा झाली.

लखपती खेळाडूचे बोलणे सामान्य माणसापर्यंत कितपत झिरपते, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांमधील आत्महत्येचे प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सुमारे चौपट आहे, आणि देशातील मानसोपचारतज्ज्ञांमध्ये कृष्णवर्णीयांचा वाटा जेमतेम दोन टक्क्यांच्या घरात आहे. मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅल्विन पूसाँ आणि पत्रकार अ‍ॅमी अलेक्झांडर यांनी २००० मध्ये कृष्णवर्णीयांमधील आत्महत्यांवर लिहिताना आपापले गमावलेले भाऊ अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणले, हे या विषयावरील शास्त्रीय लेखनात विरळा असलेले उदाहरण आहे.

सलून आणि चर्च : कृष्णवर्णीय वस्तीतील पुरुषांचे सलून हे दोन-तीन आठवड्यांनी हमखास जाण्याचे, एकाच कारागिराशी वर्षानुवर्षे नाते जपण्याचे आणि गोऱ्या जगाच्या नजरेबाहेर असण्याचे ठिकाण आहे. लॉस एंजेलिसमध्ये हृदयरोगतज्ज्ञ रोनाल्ड व्हिक्टर यांच्या चमूने ५२ सलूनमधील ३१९ उच्च रक्तदाबग्रस्त गिऱ्हाइकांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही सलूनमध्ये औषधे लिहून देण्याची मुभा असलेले औषधनिर्माते प्रत्यक्ष येऊन बसत, तर इतर ठिकाणी केशकर्तनकार फक्त डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला देत. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला, दुसऱ्या गटाचा सुमारे ९ अंकांनी. माणसे तीच, आजार तोच. फरक एवढाच, की उपचार ओळखीच्या खुर्चीपर्यंत चालत आले. आर्कान्सामधील लोरेन्झो लुइस यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला ‘कन्फेस प्रोजेक्ट’ हेच सूत्र मानसिक आरोग्याला लावतो. त्यात गिऱ्हाइकाचे बोलणे न तोडता ऐकणे आणि योग्य वेळी तज्ज्ञाकडे पाठवणे यांचे शिक्षण केशकर्तनकारांना दिले जाते. चर्चची भूमिका संमिश्र राहिली. प्रार्थनेने बरे होईल या उपदेशाने अनेकांना गप्प केले, तरी १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतील प्रार्थनागृहांनीच एड्सग्रस्तांसाठी प्रार्थना सप्ताह पाळण्यास आरंभ केला.

सिकलसेलचे दुखणे : वेदना सांगूनही ती खरी मानली न जाण्याचा अनुभव सर्वांत तीव्रतेने या रक्तविकारात येतो. पाश्चात्त्य वैद्यकात त्याची पहिली नोंद १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी केली, ती ग्रेनाडाहून आलेल्या वॉल्टर क्लेमंट नोएल या दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यावरून. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी सूक्ष्म वाहिन्यांत अडकल्या की असह्य कळा येतात. पण वरून काहीच दिसत नसल्याने, तातडीच्या विभागात अफूजन्य वेदनाशामक मागणारा तरुण कृष्णवर्णीय पुरुष व्यसनी असावा असा संशय घेतला जातो. न्यूयॉर्कचे रॅपर प्रॉडिजी यांनी २००० मध्ये या कळांवर एक संपूर्ण गीत रचले. २०१७ मध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याआधी, १९७१ पासून, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाने वस्त्यांमध्ये मोफत रक्ततपासणीची मोहीम चालवली होती. याच पक्षाच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली आणि हाच आजार विदर्भातील व खानदेशातील आदिवासींमध्ये, तसेच विदर्भातील काही दलित समाजांतही आढळतो, या दोन गोष्टींमुळे मराठी वाचकाला हा भाग परका वाटण्याचे कारण नाही.

ब्रिटनमधील स्थिती : इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने दाखल केल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण गोऱ्यांच्या साधारण साडेतीन पट आहे. सप्टेंबर २००३ मध्ये मुष्टियोद्धे फ्रँक ब्रुनो यांना असे दाखल केल्यावर ‘द सन’ या दैनिकाने त्यांची हेटाळणी करणारा मथळा छापला, वाचक इतके खवळले, की त्याच रात्रीच्या पुढील आवृत्तीत तो बदलावा लागला. द्विध्रुवी (बायपोलर) विकाराविषयी उघड बोलत ब्रुनो पुढे याच कायद्यातील सक्तीचे टीकाकार झाले. २०१७ मध्ये रॅपर स्टॉर्मझी यांनी नैराश्याविषयी मुलाखत दिल्यानंतर एका संगीत नियतकालिकाने त्यांचे छायाचित्र परवानगीवाचून मुखपृष्ठावर छापले आणि त्यांच्या जाहीर संतापानंतर माफी मागितली.

न बोलण्याचा अधिकार : अभिनेते चॅडविक बोझमन यांना २०१६ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी यांच्या मधल्या काळात ते चित्रीकरण करीत राहिले आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यांच्या मृत्यूबरोबरच जगाला आजार कळला. त्यांनी बोलायला हवे होते असे म्हणणारे, आजारी नटाला भूमिका मिळत राहिल्या असत्या का, याचे उत्तर देत नाहीत. अधिकारपदावरील व्यक्तीला हीच सवलत देता येत नाही. अमेरिकेचे तत्कालीन संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी डिसेंबर २०२३ मधील प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया आणि नंतरची गुंतागुंत राष्ट्राध्यक्षांपासूनही लपवली, तेव्हा टीका रास्तच होती. १ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांनी पत्रकारांसमोर चूक कबूल केली. त्याच वेळी, या निदानाने आपण हादरलो होतो आणि कृष्णवर्णीय समाजात अनेक जण असेच हादरतात, असे सांगून दर सहा कृष्णवर्णीय पुरुषांपैकी एकाला हा कर्करोग होतो याकडे त्यांनी लक्ष वेधले आणि पुरुषांना तपासणी करून घेण्याचे आवाहन केले.