गव्हाची ॲलर्जी: निदान का चुकतं, त्याची पार्श्वभूमी

घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा बारीक धारेखाली धरून चोळत राहिलं की पांढरं पाणी निघून जातं आणि काही मिनिटांनी मुठीत करड्या रंगाचा, चिवट, ताणला जाणारा गोळा उरतो. इटलीतल्या बोलोन्याचे याकोपो बेकारी यांनी १७२८ मध्ये याच प्रयोगावर व्याख्यान दिलं. ते १७४५ मध्ये छापून आलं. पाण्याबरोबर जातो तो स्टार्च, हातात उरतं ते ग्लुटेन. ग्लुटेन पाण्यात विरघळत नाही. गव्हाच्या ॲलर्जीच्या तपासण्यांमध्ये आजही जो घोळ होतो, त्यातला बराचसा या एका गुणधर्मामुळे होतो.

१९०७ मध्ये अमेरिकेत कनेक्टिकटच्या कृषी प्रयोग केंद्रात थॉमस ऑस्बोर्न यांनी गव्हातल्या प्रथिनांची नीट वर्गवारी केली. पाण्यात विरघळतात ती अल्ब्युमिन, मिठाच्या पाण्यात ग्लोब्युलिन, सुमारे ७० टक्के अल्कोहोलमध्ये ग्लायडिन आणि सौम्य आम्ल किंवा अल्कलीत ग्लुटेनिन. शेवटची दोन मिळून ग्लुटेन होतं आणि गव्हातलं ८० टक्क्यांच्या आसपास प्रथिन त्यातच असतं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०६ मध्ये, व्हिएन्नात क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द वापरात आणला होता. १९१२ मध्ये न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ ऑस्कर श्लॉस यांनी अन्नाची ॲलर्जी असलेल्या एका मुलाच्या त्वचेवर ओरखडे काढून त्यावर संशयित पदार्थ लावून पाहिले. आजच्या स्किन प्रिक टेस्टची, म्हणजे त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून सुई टोचण्याच्या चाचणीची, ही पूर्वतयारी. पुढे या चाचणीसाठी पदार्थांचे अर्क विकत मिळू लागले, ते मुख्यतः मिठाच्या पाण्यात काढलेले. शेंगदाणा, अंडं, परागकण यांना ही रीत मानवते. गव्हाच्या बाबतीत मात्र अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन अर्कात उतरतात आणि ग्लायडिन बरंचसं मागे राहतं. म्हणून ‘टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणजे गव्हाची ॲलर्जी नाही’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

पिठाची धूळ नाकातोंडात जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात गिरणीवाले आणि बेकरीवाले यांचा खोकला, बसलेला आवाज आणि धाप यांची नोंद आहे. बेकरी-दम्याला कारण ठरणारी बरीच प्रथिनं पाण्यात विरघळणारी असतात, शिवाय पावात घालतात त्या बुरशीजन्य अमायलेजचीही (स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमची) ॲलर्जी होते. असा रुग्ण पीठ चाळताना धापा टाकतो, पण पाव खाऊन त्याला बहुधा काही होत नाही.

मधल्या काळात निदानाची वाट आणखी एका आजाराने अडवली. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात दाखवलं की सीलिॲक आजारात मुलांना अपाय होतो तो गव्हामुळे. सीलिॲकमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःच्या आतड्यावरच उलटते, त्रास महिनोन् महिने चालतो, निदान रक्तातल्या अँटिबॉडी आणि आतड्याच्या बायोप्सीवरून होतं. ॲलर्जीचा झटका मिनिटांत, फार तर दोनेक तासांत येतो: अंगावर गांधी, ओठ-पापण्या सुजणं, उलटी, धाप, चक्कर. आपल्याकडे गांधी उठल्या की ‘पित्त उठलं’ म्हणून आमसुलाचं पाणी लावतात आणि ताटात काय होतं हे विचारायचं राहून जातं.

या झटक्यामागची अँटिबॉडी १९६६-६७ मध्ये सापडली. डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका, तर स्वीडनच्या उप्सालात योहानसन आणि बेनिक, अशा दोन गटांनी ती स्वतंत्रपणे शोधली आणि १९६८ मध्ये तिचं आयजीई हे नाव पक्कं झालं. तिच्यावर बेतलेली रक्ततपासणी सत्तरच्या दशकात बाजारात आली. तिचीही गव्हापाशी अडचण झाली. गहू गवताच्या कुळातला, त्यामुळे गवताच्या परागांची ॲलर्जी असलेल्या माणसाचा गव्हाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि तो रोज पोळी खाऊन ठणठणीत असतो. न्यूयॉर्कच्या ह्यू सॅम्पसन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या आकड्यांत शेंगदाण्याचं आयजीई १४ युनिटच्या वर असलं तर ॲलर्जी असण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या घरात जात होती. गव्हाचं २६ युनिट असूनही ती ७४ टक्केच राहिली.

खरी कलाटणी मिळाली ती एका चमत्कारिक वाटणाऱ्या लक्षणामुळे. काही जणांना गहू खाऊन काही होत नाही आणि नुसत्या व्यायामानेही नाही. पण गहू खाऊन चार तासांच्या आत पळापळ झाली की गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो. वेदनाशामक ॲस्पिरिन किंवा दारूही असंच घडवते. १९९९ मध्ये फिनलंडच्या पालोसुओ आणि सहकाऱ्यांनी यामागचं प्रथिन ओळखलं: ओमेगा-५ ग्लायडिन, म्हणजे नेमकं मिठाच्या अर्कात न उतरणारं. आता त्याची स्वतंत्र रक्ततपासणी होते. जेवणानंतरच्या धावपळीत त्रास झाला असेल तर साध्या ‘गहू आयजीई’वर थांबू नये, ही तपासणी मागून घ्यावी.

जपानने आणखी एक धडा दिला. तिथे चेहऱ्याच्या एका साबणात आम्लाने विघटन केलेलं गव्हाचं प्रथिन घातलं होतं. विघटनामुळे ते पाण्यात विरघळू लागलं आणि त्वचेतून, डोळ्यांतून शरीरात शिरलं. २,००० हून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली, आयुष्यभर बिनबोभाट गहू खाल्लेल्यांनाही. साबण २०११ मध्ये परत मागवला गेला.

म्हणून आजची तपासणी सुरू होते ती हकिगतीपासून. काय खाल्लं, किती, किती मिनिटांनी त्रास झाला, सोबत व्यायाम किंवा गोळी होती का, हे लिहूनच डॉक्टरांकडे जावं. प्रिक टेस्टआधी अँटिहिस्टामिन (ॲलर्जी दाबणारं औषध) आठवडाभर बंद ठेवावं लागतं, तेही डॉक्टरांना विचारून. नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. हातावर अर्काचे थेंब, तुलनेसाठी एक हिस्टामिनचा (याने गांध उठायलाच हवी), एक सलाइनचा (याने उठायला नको). १५ ते २० मिनिटांनी गांध मोजतात. सलाइनपेक्षा ३ मिलिमीटरने मोठी असली तर पॉझिटिव्ह. हिस्टामिनची गांधच उठली नाही तर तो रिपोर्ट बाद समजावा. बाजारातल्या ‘फूड इनटॉलरन्स’ पॅनेलमधलं आयजीजी (आयजीईहून वेगळी अँटिबॉडी) मात्र केवळ तो पदार्थ खाण्यात आहे एवढंच सांगतं. युरोपीय ॲलर्जी संघटनेने २००८ मध्येच ते निदानासाठी वापरू नये असं बजावलं. त्यावर पैसे घालवू नयेत.

तरीही उलगडा झाला नाही तर फूड चॅलेंज, म्हणजे संशयित पदार्थ वाढत्या मात्रेत खायला देऊन पाहणं. ३ मिलिग्रॅम प्रथिनापासून सुरुवात, मग १०, ३०, १००, ३००, १,००० आणि ३,०००. प्रत्येक मात्रेनंतर २० ते ३० मिनिटं थांबायचं. हे दवाखान्यातच, ॲड्रिनलिन भरून ठेवून. घरी ‘थोडी पोळी देऊन बघू’ हा प्रकार धोक्याचा आहे. धाप लागली किंवा चक्कर आली तर पहिलं औषध ॲड्रिनलिनच, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्यांना जास्तीत जास्त ०.५. ॲव्हिलसारख्या अँटिहिस्टामिनच्या गोळीने कोसळलेला रक्तदाब सावरत नाही.

निदान पक्कं झाल्यावर रवा, मैदा, शेवया, दलिया सगळं बंद. खपली हाही गहूच, तो चालतो हा समज चुकीचा. कुरडईचा चीक बेकारींच्या प्रयोगासारखाच स्टार्च वेगळा करून मिळतो, पण त्यात प्रथिनाचा अंश राहतोच. आणि फोडणीतला हिंग: बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं, डबीवरचे घटक वाचून तांदळाच्या पिठाचा घ्यावा. ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणजे किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन. हे माप सीलिॲकसाठी ठरलेलं आहे, शिवाय ग्लुटेन काढलेला गव्हाचा स्टार्चही काही परदेशी पाकिटांत त्याच नावाखाली असतो.

लहान मुलांच्या आईवडिलांना एक दिलासा आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गव्हाची ॲलर्जी ४ वर्षांपर्यंत २९ टक्के, ८ पर्यंत ५६ टक्के आणि १२ पर्यंत ६५ टक्के मुलांची गेली होती. त्यामुळे एकदा लागलेला शिक्का कायमचा धरू नये. वर्ष-दोन वर्षांनी तपासणी पुन्हा करून, आकडे उतरत असतील तर दवाखान्यात नव्याने चॅलेंज करून घ्यावं.